दोनशे रुपयांचं बक्षीसपत्र

ज्या दिवशी आईच्या कपाळाला टाके पडले, त्याच दिवशी माझं लग्न ठरलं. दोन्ही कामं अण्णांनीच केली, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती, घराची स्टॅम्प ड्युटी.

दुपारी मी औषधाच्या दुकानातल्या कामावरून जेवायला घरी आले, तेव्हा बाहेरच्या सोप्यात तिघे बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत माग दुरुस्त करणारे जॉबर म्हणून त्यांचं नाव होतं. बिघडलेला माग ते नुसत्या आवाजावरून ओळखत आणि हात असा चालवत की मालक लोक शेजारी उभे राहून बघत बसत. दुसरा उदय, माझ्या मालूआत्याचा मुलगा, अण्णांचा सख्खा भाचा. त्याची मागांची शेड आमच्या घराला भिंतीला भिंत लावून होती. मधली भिंत पाडून त्याला शेड वाढवायची होती, म्हणून तो आमचं घर विकत घेणार होता. तिसरे पोतदार, दस्त लिहून देणारे. त्यांनी मांडीवर बॅग ठेवली होती आणि तिच्यावर चिवड्याची बशी.

"आवो, सख्खा मामा हाय माझा," उदय म्हणत होता. "मामाकडनं घेतलं तरी सगळी ड्युटी भरायची?"

"मामाकडून घ्या नाहीतर परक्याकडून, सरकारला सारखंच," पोतदार म्हणाले. "पावणेदोन लाखांच्या आसपास जातील. सूट आहे ती बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना. त्यांना राहतं घर बक्षीस दिलं तर दोनशे रुपयांत काम होतं. भाचा त्या यादीत नाही."

अण्णांच्या यादीत मात्र भाचा सगळ्यात वर होता. ते म्हणाले, "म्हंजे माझी वस्तू मी भाच्याला द्यायची, तर सरकारच्या पोटात का दुखतंय?"

पोतदार हसले. चिवड्यातला शेंगदाणा शोधत म्हणाले, "भाचा जावई झाला तर मग गोष्ट वेगळी. मुलीला घर बक्षीस, दोनशे. लग्न झाल्यावर तिनं ते नवऱ्याला बक्षीस द्यायचं, पुन्हा दोनशे. चारशेत घर इकडचं तिकडं."

त्यांनी ते चेष्टेनं म्हटलं होतं. पण आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क समजतात, आणि चेष्टा हवेत राहायच्या आतच अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात चपला काढत होते. उदयनंही पाहिलं. सुताचं रीळ उचलून वजन बघावं तसं वरून खाली पाहिलं.

"मला चालतंय, मामा," तो म्हणाला.

आई आतून बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं पोतदारांसमोर ठेवला आणि सरळ उभी राहिली. "स्टॅम्पाचं पैसं वाचवायला पोरगी देता व्हय? आणि घर गेल्यावर मी राहायचं कुठं?"

अण्णांनी तोच तांब्या उचलला आणि तिला फेकून मारला. पाण्यासकट. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिच्या भुवईवरून रक्त लुगड्यावर उतरायला लागलं. पोतदारांनी घाईनं बॅग उचलून छातीशी धरली, कागद भिजू नयेत म्हणून. उदय जागचा न हलता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा, बायकांचं काय मनावर घेताय."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. आई म्हणाली, न्हाणीत पाय घसरला. आमची न्हाणी फार निसरडी होती. तिच्यात घसरून आईचं मनगट मोडलं होतं, दात पडला होता आणि एकदा तीन महिन्यांचा गर्भही गेला होता.

अण्णांच्या हाताबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो हात आमच्या घरात सगळ्यांवर उठायचा, उदयवर कधी नाही. मामानं भाच्याला मारलं तर म्हातारपणी मामाचे हात थरथर कापतात, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आणि जॉबरचे हात कापायला लागले तर मग राहिलं काय? आम्ही लहान असताना उदयनं खेळता खेळता अण्णांचा रेडिओ फळीवरून पाडला. अण्णा धावून आले, हात वर गेला आणि समोर उदय आहे हे बघून वरच्या वर थांबला. मी बाजूला उभी होते. थांबलेला हात मग माझ्यावर उतरला. उदय रडला नाही, मी रडले, आणि मालूआत्यानं उदयची दृष्ट काढली.

घर अण्णांच्या नावावर होतं, पण त्याच्या विटा आईनं कांड्या भरून भरून आणल्या होत्या. धोट्यात बसणाऱ्या त्या सुताच्या कांड्या ती दिवसभर मशीनवर भरायची आणि पगार आला की गवंड्याच्या हातात द्यायची. आता ते घर विकून अण्णांना एका मित्राच्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, भागीदार व्हायचं होतं. सायझिंग गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. तिथे मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, त्यात अण्णा आणि आई राहणार होते. मी त्या खोल्या पाहिल्या होत्या. हाक मारली तर ऐकायला आसपास कुत्रंही नव्हतं. आमच्या गल्लीत कोणी मधे पडत नसे, पण भिंतीपलीकडे माणसं आहेत एवढ्यानंसुद्धा अण्णांचा हात जरा आखडता राहायचा. ओढ्यापलीकडे तो आखडायचं काही कारण नव्हतं. आई तिथे गेली असती तर जिवंत परत आली नसती, हे तिला कळत होतं आणि मलाही.

त्या संध्याकाळी कपाळाला पट्टी बांधून आई चुलीपुढे बसली होती. अण्णा आत आले आणि मला म्हणाले, "उदयाला हो म्हणून सांगू न्हवं?"

"सांगा," मी म्हणाले.

आईनं हातातली उलथनी खाली ठेवली. अण्णा बाहेर गेल्यावर ती उठली आणि तिनं माझ्या थोबाडीत दिली. आयुष्यात तिनं मला मारलं ते एवढंच. "माझं झालं ते झालं," ती म्हणाली. "तू कशाला त्या घरात मरायला निघालीस?" मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिच्या तोंडावर दिसलं असतं, आणि आईच्या तोंडावर दिसलेलं अण्णांना लगेच वाचता यायचं.

दुसऱ्या दिवशी पोतदार परत आले. आधी काय, लग्न की दस्त, यावरून मामा-भाच्यात जुंपली. उदय म्हणे, लग्न आधी. अण्णा म्हणाले, पैसे आधी. उदय म्हणे, घर तुमच्या नावावर असेपर्यंत पैसे काढत नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम अपार, विश्वास मात्र काडीचा नव्हता. शेवटी पोतदारांनीच तोड काढली.

"दस्त आधी करा. घर मुलीच्या नावावर गेलं की उदयरावांनी तिथंच पैसे द्यायचे. लग्न पुढच्या आठवड्यात. ह्या सवलतीवर पुढं काय नवीन कर बसतोय कुणाला ठाऊक, उशीर नको." मग चष्मा काढून ते अण्णांना म्हणाले, "एक आधीच सांगून ठेवतो. बक्षीसपत्र एकदा नोंदलं आणि ताबा दिला, की परत मागता येत नाही. मागाहून मला बोल लावायचा नाही."

अण्णा मोठ्यानं हसले. "पोरीकडनं काय परत मागायचं, पोतदार? पोरगीच माझी हाय."

उदयही हसला. मामा फसवेल याची भाच्याला भीती होती, भाचा बुडवेल याची मामाला होती. मी दोघांच्या मधे चहाचा ट्रे धरून उभी होते.

चहा झाल्यावर उदय मधल्या भिंतीकडे गेला. त्यानं खिशातून गेरूचा खडा काढला आणि भिंतीवर दाराएवढी चौकट आखली. "इथनं फोडायची," तो मला म्हणाला. "सैपाकघर पलीकडं न्यायचं. इथं नवं माग."

"आणि आई?"

"मामी? मामी मामाबरोबर जातील की." मग मला बरं वाटावं म्हणून असेल, तो म्हणाला, "घाबरू नको. मी मामासारखा न्हाय. उगंच हात उचलत न्हाय. तशी येळ आणली न्हाय म्हंजे झालं."

रजिस्टर ऑफिसला आम्ही दोन रिक्षांनी गेलो. मालूआत्या पेढ्याचा बॉक्स घेऊन आली होती. घर येणार होतं आणि सूनही. साक्षीदार म्हणून पोतदारांनी त्यांचा एक माणूस घेतला आणि दुसरी आई. घरचंच माणूस असलं की बरं दिसतं, ते म्हणाले. आईनं पदर कपाळावर ओढून पट्टी झाकली होती, पण कॅमेऱ्यासमोर बसल्यावर खिडकीतल्या बाईनं तिला पदर मागे घ्यायला लावला. आजही त्या दस्तावर आईचा फोटो आहे तो पट्टीसकट.

दस्त नोंदवणाऱ्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "कपाळाला काय झालं, मावशी?"

"न्हाणीत घसरली," अण्णा म्हणाले.

"मी त्यांना विचारतोय."

"व्हय," आई म्हणाली. "न्हाणीत."

साहेब अण्णांकडे वळले. "घर मुलीला बक्षीस देताय. राजीखुशीनं ना? काही मोबदला घेतलाय?"

"छे वो साहेब. लेकीकडनं कोण मोबदला घेतंय? मायेपोटी देतोय."

दस्तातही पोतदारांनी तेच लिहिलं होतं, नैसर्गिक प्रेमापोटी व मायेपोटी. माझ्या बाबतीत तो शब्द अण्णांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी सही केली, अंगठा दिला. हात अगदी स्थिर होता. मग साहेबांनी मला विचारलं, बक्षीस स्वीकारलं का. मी म्हणाले, "स्वीकारलं." माझाच अंगठा फिसकटला, खिडकीतल्या बाईनं परत घ्यायला लावला.

दस्त हातात मिळाल्यावर आम्ही आवारात आलो. तिथे झेरॉक्सची टपरी, स्टॅम्पवाल्यांची टेबलं, चहाचा गाडा, आणि नंबर लागायची वाट बघत बसलेली पन्नासएक माणसं. मालूआत्यानं पेढ्याचा बॉक्स उघडला. उदयनं साडीच्या दुकानाची कापडी पिशवी काखेतून काढली आणि अण्णांपुढे धरली. "घ्या मामा. बघून घ्या."

"उदय, पैसे देऊ नको," मी म्हणाले.

"का?"

"घर मी तुला देणार नाही. लग्न पण करणार नाही. तुझे पैसे तुझ्याकडंच ठेव."

तो हसला. "चेष्टा करायलीस व्हय?"

"नाही."

पिशवी परत काखेत गेली. एवढं मात्र त्याला पटकन कळलं. अण्णांना कळायला वेळ लागला. ते पोतदारांकडे वळले. "पोतदार, ह्ये फाडून टाका."

"फाडून काय होतंय अण्णा? आत नोंद झालीय."

"मग परत माझ्या नावावर करा."

"ते आता यांनी दिलं तर." पोतदारांनी मला 'यांनी' म्हटलं. सकाळपर्यंत ते मला 'ए बाळ' म्हणत होते.

घर माझ्या नावावर व्हावं एवढ्यासाठी मी लग्नाला हो म्हटलं होतं, आणि पोतदारांच्या 'परत मागता येत नाही' या वाक्यानं माझं पक्कं झालं होतं. आईला राहायला जागा पाहिजे होती, आणि तिला कोणी उठवू शकणार नाही अशी जागा मिळवायची दुसरी वाट मला दिसत नव्हती. पुढे काय होणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी सकाळी कानातल्या रिंगा काढून ठेवल्या होत्या.

पहिला फटका डाव्या कानावर बसला. डोक्यात मागासारखा खडखडाट सुरू झाला, तो त्या कानात अजून आहे. दुसऱ्या फटक्याला मी खाली पडले. मग अण्णांनी केसांना धरून मला परत उभं केलं, आणि परत खाली पाडलं. पाठीत लाथ बसली. फरशीवर तोंड आपटून ओठ फुटला आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्या शेजारीच उपडा झाला. मला आठवतं, मी त्यातला एक पेढा उगाच मुठीत धरला होता.

आवारातली माणसं चहाचे ग्लास घेऊन उभी राहिली. एकानं आपली मोटारसायकल जरा बाजूला घेतली, मी तिच्यावर पडू नये म्हणून. एक टोपीवाले आजोबा म्हणाले, "बाप हाय. काय तरी केलं असंल पोरीनं." दुसरा म्हणाला, "घरातला मामला दिसतोय." मालूआत्या अण्णांच्या दंडाला धरून सांगत होती, "तोंडावर नको मारू दादा. आठ दिसांवर लगीन हाय."

आई मधे पडली. अण्णांनी तिला धक्का दिला नाही, मूठ मारली, आणि नेमकी कपाळावर. पट्टीतून रक्त फुटून बाहेर आलं. ती उठली आणि परत माझ्या अंगावर येऊन पडली, आणि पुढच्या लाथा तिनं खाल्ल्या. तरी कोणी हललं नाही. खिडकीतली बाई दारात येऊन उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता.

थांबवलं शेवटी उदयनं, पण आमच्यासाठी नव्हे. त्याच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. त्यानं अण्णांची कॉलर धरली. "मामा, बापलेकीनं मिळून मला गंडवलं व्हय? घर पोरीच्या नावावर करून मोकळं झालासा, आणि आता मारल्याचं सोंग करताय?"

"कॉलर सोड, उदय."

"न्हाय सोडत. चोर हाईसा तुम्ही."

अण्णांचा हात चालतच होता. तो थांबायच्या आत उदयच्या तोंडावर बसला. नाकातून रक्ताची धार लागली, पांढऱ्या शर्टावर.

आणि सगळं आवार एकदम पुढे आलं. चहावाल्यानं पेटता स्टोव्ह तसाच सोडला. ग्लास फुटले. चौघांनी अण्णांचे हात मागे धरले. टोपीवाले आजोबा ओरडत होते, "आरं, भाचा हाय त्यो! भाच्याला मारतोस? नरकात बी जागा मिळायची न्हाय." मालूआत्यानं छाती बडवून घेतली. "दादा, काय केलंस? हात कापतील तुझं, घास तोंडाला जायचा न्हाय." कोणी उदयच्या नाकाला रुमाल लावला, कोणी पाणी आणलं, कोणी त्याला खुर्ची दिली.

अण्णा आपल्या हाताकडे बघत उभे राहिले. मी त्यांना घाबरलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"पाया पड भाच्याच्या," आजोबा म्हणाले. "हितंच पड. पापातनं मोकळा हो."

अण्णा वाकले. त्यांनी उदयच्या बुटांवर दोन्ही हात ठेवले, मग कपाळ टेकलं. उदयनं नाकावर रुमाल धरून दुसरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. लोकांना बरं वाटलं. मी आणि आई तिथेच, चार पावलांवर, फरशीवर बसलो होतो. मी ओठातलं रक्त थुंकले आणि आईला म्हणाले, "चल."

"कुठं?"

"घरी."

दिवस मावळायच्या आत अण्णा आले. आईनं दाराला आतून कडी घातली होती, वरचा बोल्टही लावला होता. आधी त्यांनी थाप मारली, मग लाथ. "इंदे, दार उघड." आई कांड्यांच्या टोपलीपाशी गेली आणि तिनं त्यातून एक जुना धोटा काढला. मागावरचा धोटा म्हणजे दीड-दोन वीत लाकूड आणि दोन्ही टोकांना लोखंडी अणी. तो घेऊन ती खिडकीशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

अण्णांनी खिशातला पाना काढून खिडकीची काच फोडली. खिडकीची कडी काढायला मनगटापर्यंत हात आत घातला. ज्या हातानं तांब्या फेकला होता तोच. आईनं धोटा दोन्ही हातांनी धरून त्याच्यावर हाणला. एकदा नाही, हात बाहेर जाईपर्यंत. काचेवर आणि खिडकीच्या पट्टीवर रक्त सांडलं. बाहेरून जो आवाज आला तसा आवाज आमच्या घरातून आजपर्यंत फक्त बायकांचा येत असे.

गल्ली जमली. शेजारचे तुकारामकाका खिडकीपाशी आले. "इंदूवैनी, कायबी झालं तरी नवरा हाय. घरात घ्या."

आईला धाप लागली होती. "घर माझं न्हाय, भावजी. ह्यांचं बी न्हाय. पोरीचं हाय, तिला इचारा."

काकांनी फुटक्या काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मागे सगळी गल्ली बघत होती. मला एवढ्या लोकांनी कधी काही विचारलं नव्हतं.

"नाही घेणार," मी म्हणाले. "परत आले तर पोलिसांना बोलावीन."

अण्णा अंगणात हाताला शर्ट गुंडाळून उभे होते. मला वाटलं, परत दारावर धावून येतील. ते आले नाहीत. थोड्या वेळानं कोणीतरी त्यांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. कदाचित न्हाणीत घसरलो म्हणाले असतील.

पुढची वर्षं अण्णा सायझिंगच्या मागच्या खोल्यांत राहिले. पैशाशिवाय भागीदारी कसली, मित्रानं त्यांना पगारावर ठेवलं. उदयनं शेड दुसऱ्या अंगाला वाढवली, त्याला जागेसाठी ड्युटी पूर्ण भरावी लागली आणि वर बायकोही दुसरीकडून आणावी लागली. मी लग्न केलं ते बऱ्याच उशिरा, आमच्याच दुकानात औषधं पोचवणाऱ्या एकाशी, आणि तो आमच्या घरी राहायला आला. भिंतीवरची गेरूची चौकट पुसून जाईना, म्हणून आईनं तिच्यावर कॅलेंडर लावलं.

गेल्या दिवाळीत मालूआत्या अण्णांना रिक्षातून घेऊन आली. सायझिंग बंद पडलं होतं. मी दारात गेले. अण्णा खूप वाळले होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा हलत होता, आपल्या आपणच. मी औषधांच्या दुकानात उभी राहते, असे हात रोज बघते. डॉक्टरांची चिठ्ठी बघितल्याबरोबर कळलं. कंपवात. भाच्याशी, पुण्याशी, पापाशी त्या रोगाचा काही संबंध नाही.

मी त्यांना आत घेतलं नाही. ते पायरीवर बसले. आईनं चहा केला आणि बशीत ओतून बाहेर आणला.

मालूआत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सगळं गाव म्हणतंय वैनी, भाच्याला मारलं त्याचं फळ हाय ह्ये. एकदाच हात टाकला, पण कापायचा काय ऱ्हायला न्हाय. आता पोरीनं मोठं मन करावं."

आईच्या भुवईवर टाक्यांची खूण अजून आहे. ती बशी हातात घेऊन अण्णांच्या त्या हाताकडे बघत उभी राहिली.

"बायकापोरींना मारून हात कापलं असतं, मालू," ती म्हणाली, "तर ह्या गावात तुटल्याला धागा जोडायला एक पुरुष शिल्लक न्हवता."

आईनं बशी खाली ठेवली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी उचलली, तरी निम्मा चहा पायरीवर सांडला.